शेवटी बांधायचा पट्टा

श्रीरामपुरात बायकांचा व्यायामाचा वर्ग माझ्या आईने सुरू केला. त्याआधी कुणी चालवला असेल तर मला माहीत नाही. ती मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची. उंच, काटक, पाठ सरळ. चाळिशीतसुद्धा शाळेतल्या पोरींना पळण्यात मागे टाकायची आणि मागे वळून हसायची. मी तिची एकुलती एक मुलगी, आणि जाड होते. ही गोष्ट तिने कधी मनाला लावून घेतली नाही असं नाही. ती रोजच लावून घ्यायची.

वर्ग एका मंगल कार्यालयात भरायचा, सकाळी उजाडताना, लग्न नसेल त्या दिवशी. आदल्या दिवशी लग्न झालेलं असलं की फरशीवर अक्षता सांडलेल्या असायच्या आणि उड्या मारताना तळपायाला टोचायच्या. डॉक्टरांच्या बायका यायच्या, बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या यायच्या, दोघी-तिघी मास्तरणी यायच्या. पंजाबी ड्रेस घालायच्या पण रस्त्याने येताना वरून शाल गुंडाळून. टेपवर हिंदी सिनेमाची गाणी लागायची आणि आई पुढे उभी राहून ओरडायची. मी बारावीनंतर दोन वर्षं घरीच होते. त्यामुळे वर्गाला जाणं मला चुकत नव्हतं. कार्यालयाच्या पायरीवर पाय ठेवला की तिला ‘मॅडम’ म्हणायचं, हा तिचा नियम होता. एकदा चुकून ‘आई’ म्हणाले तर संपूर्ण गाणं संपेपर्यंत तिने मला ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

माझा मामा मालवाहू जहाजावर होता. नव्वद सालानंतर कधीतरी सुट्टीवर आला तेव्हा त्याने बहिणीसाठी दोन नवलाईच्या वस्तू आणल्या. एक म्हणजे कमरेला अडकवायच्या लहान डब्या, पाच-सहा. चाललं की आत टिक् व्हायचं आणि डबीवरचा आकडा पुढे सरकायचा. दुसरा एक काळा रबरी पट्टा. तो छातीच्या खाली, अंगाला लागून बांधायचा. त्याच्यासोबत एक मनगटी घड्याळ होतं, आणि त्यात बांधणारीच्या हृदयाचे ठोके दिसायचे. बांधणारी एक आणि घड्याळ दुसरीच्या हातात, असंही चालायचं. आईला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

“माणूस खोटं बोलतं,” ती वर्गात म्हणाली, “हे बोलत नाही.”

पट्टा पहिल्यांदा माझ्यावर बांधून दाखवला. तो आतून ओला करावा लागे, नाहीतर आकडा येत नसे. डिसेंबर होता. तिने नळाखाली पट्टा धरला, सगळ्यांसमोर माझा कुडता वर केला आणि बांधायला गेली. तो पुरला नाही. बोटभर कमी पडला. तिने पिशवीतून परकराची नाडी काढली, दोन्ही टोकांना गाठ मारली आणि वर्गाकडे वळून म्हणाली, “परदेशातले लोक एवढं धरून चालत नाहीत.” बायका हसल्या. काहींनी तोंडावर हात घेतला, काहींनी नाही. मग मला जागच्या जागी पळायला लावलं आणि घड्याळातला आकडा ती मोठ्याने वाचत राहिली. आकडा वाढला की बायका ‘बाई गं’ म्हणायच्या. थांबल्यावर तो खाली यायला फार वेळ लागला. तोवर सगळ्या मला बघत उभ्या होत्या.

त्यानंतर वर्गाची तऱ्हाच बदलली. डब्या आळीपाळीने वाटल्या जायच्या. ज्या बाईच्या डबीत सगळ्यात कमी भरेल तिने अक्षता झाडायच्या. बायका सुरुवातीला लाजल्या आणि मग चेकाळल्या. नाच संपल्यावरही एकमेकींच्या कमरेला हात लावून आकडे बघायच्या. कापडाचं दुकान असलेल्या एक काकू होत्या, अंगाने माझ्यासारख्याच. त्या रुमालात डबी धरून हलवायच्या, मी पाहिलं होतं. आईनेही पाहिलं असणार. पण त्यांच्या दुकानातून आमच्या घरची साडी यायची, त्यामुळे झाडू बहुतेकदा माझ्याच हातात असायचा.

पुढच्या जूनमध्ये एक मुलगी आमच्याकडे राहायला आली. आई पाथर्डी तालुक्यात कुठल्याशा स्पर्धेला पंच म्हणून गेली होती. तिथे तिने तिला पळताना पाहिलं. पायात काही नाही, आणि दुसरी आलेली पोर निम्म्या मैदानावर. ती तिसगावची होती. बौद्ध घरातली, वडील एस.टी.त कंडक्टर. आईने त्यांना तिथेच गाठलं आणि सांगितलं, मुलगी मला द्या, मी तिला पोलीस भरतीत काढते.

ते तिला सोडायला आले ते खाकी गणवेशातच, ड्यूटी संपवून. हातात पत्र्याची पेटी, एका फडक्यात बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ओसरीच्या कडेला बसले.

“मॅडम, पोरगी तुमच्या वटीत घातली,” ते म्हणाले. “तिला रागवा, मारा, पन उभी करा.”

“मी तिला मुलीसारखी ठेवीन,” आई म्हणाली.

मागच्या खोलीत तिची सोय झाली. पेटीच्या झाकणाला आतून बाबासाहेबांचा फोटो चिकटवलेला होता. ती माझ्याहून एक वर्षाने लहान, मला ताई म्हणायची. बोलायची कमी. पहिल्या रात्री जेवताना आईने तिला दोन अंडी वाढली आणि मला एकही नाही. मुलगी माझ्या ताटाकडे बघत राहिली.

“ताईला न्हाई का?”

“तिला कशाला?” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती वर्गाला आमच्याबरोबर यायला लागली. आईने तिला पट्टा बांधला, तिला पळवलं, उड्या मारायला लावल्या, आणि मग थांबवून घड्याळ सगळ्यांना दाखवलं. आकडा भराभरा खाली येत होता. आईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. “बघा,” ती म्हणत होती, “याला हृदय म्हणतात. बघितलं का? आता खाली आलं. आता अजून खाली.” मग तिची नजर वर्गावरून फिरत माझ्यावर आली. “काही जणींना दूधतूप घालून फुकट जातं. आणि काही जणींना बाजरीवर असं होतं.”

त्या दिवशी घरी परत येताना ती मुलगी माझ्या जवळून चालत होती. “मला न्हाई आवडलं ते,” ती म्हणाली. मला तिचा रागच आला होता. जिचा हेवा करायचा तिने आपली कीव करावी, हे फार वाईट असतं.

आठवडाभराने कापडवाल्या काकू आईला बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या. मी झाडत होते, जवळच होते. “तुमचं चांगलंच चाललंय मॅडम, पुण्याचं काम आहे,” त्या म्हणाल्या, “पण तोच पट्टा आम्ही अंगाला लावायचा? कपड्यावरून असतं तर गोष्ट वेगळी. अंगाला लागून असतो. आमच्या घरी देव्हारा आहे, सासूबाई आहेत. मी नाही म्हणत हो, पण बाकीच्या बोलतायत.”

मला वाटलं आई त्यांना झापेल. ती कुणालाही झापायची. ती म्हणाली, “तिला मी शेवटी बांधत जाईन. नंतर धुऊन टाकेन.”

दुसऱ्या दिवसापासून तसंच सुरू झालं. ज्यांचा नंबर असेल त्या बायका आधी, मग मी, आणि सगळ्यांच्या शेवटी ती. ती झाली की आई पट्टा घेऊन नळावर जायची. डेटॉलची बाटली तिने कार्यालयाच्या खिडकीत आणूनच ठेवली होती. बादलीत दुधाळ पाणी व्हायचं, त्यात पट्टा बुडवायचा, चोळायचा, खिळ्याला वाळत टाकायचा. बायका शाली गुंडाळता गुंडाळता बघायच्या आणि समाधानाने घरी जायच्या. त्या आधी पट्टा महिनोन्‌महिने कुणी धुतला नव्हता. माझ्या घामानंतरही नाही, कुणाच्याच नाही.

मुलीच्या हे लक्षात यायला दोनच दिवस लागले. ती आईला काही म्हणाली नाही. मागच्या खोलीत मी कपडे ठेवायला गेले तेव्हा मला म्हणाली, “ताई, मला पट्टा मिळतो तवा तो समद्यांच्या घामानं चिकचिकीत झालेला असतो. कापडवाल्या काकूंचा, तुमचा, समद्यांचा. मी घालते. मला कुनी इचारलं न्हाई, मला चालतं का म्हून.”

“तू आईला सांग,” मी म्हणाले.

“काय सांगू? मला भरती व्हायचंय.”

आईला आपण काही वावगं करतोय असं मुळीच वाटत नव्हतं. ती घरी माझ्या वडिलांना सांगायची की मी तिला घरात ठेवलीय, आपल्या ताटात जेवू घालते, गावात दुसरं कोण करेल. वडील साखर कारखान्यात कारकून होते, ते मान हलवून वर्तमानपत्र वर धरायचे. आणि ते खरंही होतं. आई तिला स्वतःच्या हाताने तळपायांना तेल लावायची. तिच्यासाठी नगरहून कॅनव्हासचे बूट आणले. पहाटे तिला नेवाशाच्या रस्त्याने पळवायची आणि स्वतः सायकलवर मागे राहायची. उन्हात, पावसात, पाळी असली तरी. मुलगी लंगडायला लागली की सायकलच्या पुढच्या चाकाने तिच्या टाचेला हलकाच धक्का द्यायची. पोरीच्या टाचांवर काळे वण पडले होते. रोज सकाळी मुलगी उठण्याआधी, अंथरुणातच, पट्टा बांधून आई तिचे ठोके बघायची. ते जितके कमी तितकी आई खूश. ज्या दिवशी खूश असायची त्या दिवशी चहा करता करता गुणगुणायची. लहानपणी मी आजारातून उठले तेव्हाही तिला असं गुणगुणताना ऐकलेलं आठवत नाही.

भरती नगरला होती, हिवाळ्यात. तिच्या आठ-दहा दिवस आधी मुलगी जेवेना. दोन घास खाऊन उठायची. डोकं दुखतं म्हणायची. आई म्हणाली, भीती वाटतेय, दुसरं काही नाही.

भरतीच्या आदल्या दिवशी सकाळी घरी ठोके बघितले नाहीत; वर्गातच आईने तिला सतरंजीवर आडवं केलं. सगळ्या बायकांना जवळ बोलावलं. “उद्या आमची मुलगी जाणार,” ती म्हणाली, “आज तिचं हृदय बघून घ्या.” शेवटी बांधायचं ठरल्यापासून वर्गात पहिल्यांदाच तिला सगळ्यांच्या आधी पट्टा बांधला गेला. आईने घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. मुलगी निजूनच होती, हलली नव्हती, आणि आकडा नेहमीपेक्षा कितीतरी वर होता. आईने घड्याळ झटकलं, परत बघितलं. पट्टा सोडून पुन्हा ओला केला, पुन्हा बांधला. आकडा तोच. जवळ वाकलेल्या एका मास्तरणीने मुलीच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “मॅडम, अंग तापलंय हिचं.”

“यंत्राचा सेल उतरलाय,” आई म्हणाली.

ती माझ्याकडे वळली. पट्टा तिच्या अंगावरून काढला आणि माझ्या अंगावर बांधला, नाडीसकट. मी उभी होते. आकडा आला, माझा रोजचा असायचा तोच. यंत्र ठणठणीत होतं. आईने तो आकडा पाहिला, मी तिच्याकडे पाहिलं, मास्तरणीनेही पाहिलं. आईने पट्टा सोडला, गुंडाळून पिशवीत टाकला आणि टेप सुरू केली.

घरी मी वडिलांना सांगितलं. ते आईला म्हणाले, “डॉक्टरला दाखवून घेऊ या का?”

“डॉक्टर झोपायला सांगेल,” आई म्हणाली. “सहा महिने मी झोपण्यासाठी पळवलं का हिला?” मग तिने मुलीला तापाच्या दोन गोळ्या दिल्या आणि विचारलं, “पळशील ना?”

“व्हय,” ती म्हणाली. डोळे लाल होते.

सकाळच्या गाडीने आम्ही तिघी नगरला गेलो. मैदानावर पोरींची गर्दी होती, छातीवर नंबर लावलेल्या. ऊन वर यायला लागलं होतं. आम्हाला दोरीच्या बाहेर उभं केलं. शिट्टी झाली आणि मुलगी सगळ्यांच्या पुढे निघाली. पहिली फेरी तिने अशी काही मारली की बाजूच्या पुरुषांनी विचारलं, कोणाची पोरगी? आई म्हणाली, “माझी.”

दुसऱ्या फेरीत वळणावर तिचा पाय वाकडा पडला. ती सावरली, चार-पाच जणी तिच्या पुढे गेल्या. मग अजून काही. शेवटच्या सरळ पट्ट्यात ती चालायला लागली, नंतर पोट धरून खाली बसली आणि मैदानातच ओकली. मागून येणाऱ्या पोरी तिला वळसा घालून गेल्या. एका शिपायाने दंडाला धरून तिला कडेला आणलं. आई दोरीखालून आत शिरली. मला वाटलं पाणी द्यायला गेली. पाण्याची बाटली माझ्याच हातात होती.

“ऊठ,” आई तिला म्हणाली. “सगळे बघतायत.”

“म्याडम, मला दिसंना झालं.”

“ऊठ म्हटलं ना.”

परतीच्या गाडीत आई पुढे बायकांच्या जागेवर बसली. आम्ही दोघी मागे. मुलीचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि अंगाची धग माझ्या कुडत्यातून आत लागत होती. राहुरीला गाडी थांबली तेव्हा आईने खाली उतरून एकटीने चहा घेतला.

टायफॉईड निघाला. वडिलांनीच डॉक्टरला घरी आणलं. मुलगी मागच्या खोलीत पडून राहिली. आई त्या खोलीत गेली नाही. पेज, गोळ्या, भांडी, सगळं मी करत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कापडवाल्या काकू चौकशीला आल्या. पुढच्या खोलीत बसल्या. मधे नुसता पडदा होता.

“काय झालं हो मॅडम? एवढी तयार होती.”

“काय होणार?” आई म्हणाली. आवाज खाली करायचा तिला माहीतच नव्हतं, आयुष्य मैदानावर गेलेलं. “या लोकांचं असंच असतं. कितीही करा, ऐन वेळेला बसतात. रक्तातच नाही तर मी तरी कुठून आणू?”

“मी म्हणतच होते,” काकू म्हणाल्या.

मी आत मुलीला पाणी पाजत होते. तिने पेला बाजूला केला. आढ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “ताई, पाथर्डीच्या डेपोत फोन लावता का? दादाला म्हनावं, मला घिऊन जा.”

वडिलांना ती दादा म्हणायची. मी कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून फोन केला. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. ते दारात उभेच राहिले, या वेळी ओसरीवर बसले नाहीत. मुलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अंगावर नुसती हाडं राहिली होती.

“ताप असताना पळवली?” त्यांनी विचारलं.

“तिनेच हो म्हटलं,” आई म्हणाली. “विचारा तिला. मी जबरदस्ती केली का?”

“मॅडम, ती न्हाई कधी म्हनली का तुमाला?”

आईने हात जोडल्यासारखे केले. “मी पोटच्या पोरीसारखी ठेवली होती हो तिला.”

मुलगी माझ्या आधाराने उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या भांड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “व्हय दादा. अगदी पोटच्या पोरीवानीच ठेवली.”

आई मान हलवत राहिली. तिला ते कौतुक वाटलं. आजही मला तिचं ते मान हलवणं आठवतं. तिच्या वडिलांनी पेटी उचलली. मी रिक्षापर्यंत गेले. मुलीने कॅनव्हासचे बूट मागच्या खोलीतच ठेवले होते. कॉटखाली, नीट जोडून. आईने ते शाळेतल्या एका मुलीला दिले.

वर्ग चालूच राहिला. मी डी.एड.ला बाहेरगावी गेले, तेव्हा झाडायला एक बाई ठेवली असं कळलं.

नंतर तीन-चार वर्षांनी आई आणि मी नगरला गेलो होतो, माझ्या नोकरीच्या कागदांसाठी. कुणी मंत्री येणार म्हणून रस्ता दोरी लावून अडवला होता. दोरीच्या आतल्या बाजूला बायका पोलीस उभ्या होत्या. त्यातली एक ती होती. अंगाने भरली होती, टोपी नीट, हातात काठी. आईने मला कोपर मारलं आणि मी धरायच्या आत दोरी वाकवून पुढे गेली.

“ओळखलंस का गं?”

“बाई, मागं व्हा.”

“अगं मी, श्रीरामपूरच्या—”

तिने काठी आडवी केली आणि दोन्ही हातांनी आईला दोरीपर्यंत मागे सरकवलं. धक्का म्हणता येणार नाही, पण आईला चार पावलं उलटं चालावं लागलं. “दोरीच्या मागं थांबायचं. सगळ्यांना एकच नियम आहे,” ती म्हणाली. बोलणं शुद्ध झालं होतं. मग तिची नजर माझ्यावर आली. तिने मला ओळखलं. “ताई, त्यांना सावलीत न्या,” ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला ओरडून मागे सारायला लागली.

सावली कुठे नव्हती. गाड्या जाईपर्यंत आम्ही उन्हात उभ्या राहिलो. आईने एकदाही घाम पुसला नाही, डोळे तिच्यावरच होते. येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं दुखावली.

“आवाज ऐकलास तिचा?” ती अचानक म्हणाली. “त्या टोकापर्यंत जात होता. दम आहे अजून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही तिच्याबरोबर वर्गाला गेले, परत जाण्याआधी एकदा म्हणून. व्यायाम सुरू व्हायच्या आधी तिने सगळ्यांना सांगितलं की आपल्याच वर्गात तयार झालेली मुलगी आज नगरला पोलिसात आहे आणि काल रस्त्यात भेटली, तेव्हा वाकून पाया पडली.

“तुमचीच पुण्याई मॅडम,” कापडवाल्या काकू म्हणाल्या.